वेब पेज खेचणाऱ्या स्क्रिप्टची फालतू बडबड बंद कशी करायची, कामाचा एरर न गमावता

प्रोग्रॅमने वेब पेज खेचायला लागलात की सुरुवातीला सगळं मस्त चालतं, मग कधीतरी लॉग फाइल उघडून बघावी तर हजारो ओळी. कनेक्शन तुटलं, परत ट्राय करतोय, सर्टिफिकेट तपासलं नाही, अमुक टॅग चुकीचा, तमुक अक्षर वाचता आलं नाही. आणि तरी पेज तर येतंय! मग बहुतेक जण सगळं आउटपुट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचरापेटीत, ढकलतात आणि विषय संपवतात. तसं करू नका. बडबड बंद करायचीच, पण ती जिथून येते तिथे जाऊन, तिचं नाव घेऊन, एकेक करून.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय कारण आपल्याकडे किनाऱ्यावर लोक जी पेजेस खेचतात त्यावर पोटपाणी आणि कधीकधी जीव अवलंबून असतो. कोणी वाशी मार्केटचा हापूसचा दर बघतं, कोणी भरती-ओहोटी, आणि बंदरावर हवामान खात्याचा वाऱ्याचा इशारा नाहीतर इन्कॉईसची, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या सरकारी संस्थेची, लाटांची सूचना. म्हणून पूर्ण लेखात एकच सेटअप धरून चालू: मिरकरवाडा किंवा हर्णैसारखं बंदर, मच्छीमारांचं ऑफिस, भिंतीवर टीव्ही, टीव्हीच्या मागे रास्पबेरी पाय नावाचा छोटा कॉम्प्युटर, त्यावर पायथनची स्क्रिप्ट जी दर अर्ध्या तासाने तीन-चार पेजेस आणते आणि मोठ्या अक्षरात दाखवते. जून ते सप्टेंबर तिथे लाइट जाते, झाड पडून फायबर तुटतो, मोबाइल टॉवरची बॅटरी संपते. म्हणजे नेट जाणं ही आपल्याकडे बातमीच नाही, नेट किती वेळ गेलंय ही बातमी आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं बरंचसं यावरच उभं आहे.

एक सूचना, कमांड आणि फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, कीबोर्डवर अर्थातच त्यांचं इंग्रजी स्पेलिंग टाकायचं.

आधी बघा बोलतंय कोण

लॉगमध्ये दिसणारी प्रत्येक ओळ "एरर" नसते आणि सगळ्या एकाच तोंडातून येत नाहीत, इथेच लोक अडकतात. पायथनपुरतं बोलायचं तर चार वेगवेगळ्या वाटा आहेत. लायब्ररीने लॉगिंग मॉड्यूलमधून टाकलेला मेसेज ही एक. वॉर्निंग्ज नावाचं वेगळंच मॉड्यूल आहे, त्यातून आलेली सूचना ही दुसरी, आणि लॉगिंगची लेव्हल कितीही वर नेली तरी हिच्यावर काही परिणाम होत नाही. तिसरा ट्रेसबॅक, म्हणजे पकडलेलं नसलेलं किंवा पकडून पूर्ण छापलेलं एक्सेप्शन. आणि चौथं म्हणजे तुमच्या स्क्रिप्टने चालवलेला दुसराच प्रोग्रॅम, कर्ल म्हणा, क्रोम म्हणा, जो थेट एसटीडीएररवर, म्हणजे एरर दाखवायच्या वेगळ्या वाटेवर, लिहितो आणि पायथनला त्याचा पत्ताही नसतो.

ओळखायचं कसं? लॉगिंगच्या फॉरमॅटमध्ये वेळ, लेव्हलनेम, नेम आणि मेसेज अशा चारही गोष्टी घाला. नेम महत्त्वाचं. बरेच जण फक्त मेसेज छापतात आणि मग दिवसभर गूगल करत बसतात की ही ओळ कुठून येते. नेम घातलं की सरळ दिसतं, युआरएललिब३.कनेक्शनपूल, एचटीटीपीएक्स, चारसेट_नॉर्मलायझर, असं. ज्या ओळीला तुमचा फॉरमॅट लागलेलाच नाही, म्हणजे पुढे वेळही नाही आणि नावही नाही, ती लॉगिंगमधून आलेली नाही किंवा कुठलाही हँडलर (मेसेज फाइलमध्ये किंवा स्क्रीनवर लिहिणारा भाग) लागायच्या आधी आलेली आहे असं समजा. आणि एकदा स्क्रिप्ट चालवताना शेवटी "२>एरर.टीएक्सटी" लावून एसटीडीएरर वेगळ्या फाइलमध्ये काढा, दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

पायथनची लेव्हल: रूट शांत, आपला लॉगर बोलका

सगळ्यात जास्त कचरा एका ओळीमुळे येतो: लॉगिंग.बेसिककॉन्फिग(लेव्हल=लॉगिंग.डीबग). आपल्याला आपले डीबग मेसेज बघायचे असतात, पण ही लेव्हल रूट लॉगरला लागते आणि रूटखाली सगळ्या लायब्ऱ्या येतात, मग युआरएललिब३ प्रत्येक कनेक्शन उघडल्याचं सांगायला लागते, कॅरेक्टर ओळखणारी चारडेट लायब्ररी प्रत्येक एन्कोडिंगची खात्री किती ते आकड्यात सांगते, आणि एका पेजमागे पन्नास-पन्नास ओळी पडतात.

याचं उत्तर उलटं करायचं. रूटला वॉर्निंग लेव्हल द्या आणि फक्त आपल्या लॉगरला खालची:

लॉगिंग.बेसिककॉन्फिग(लेव्हल=लॉगिंग.वॉर्निंग, फॉरमॅट=...)
लॉग = लॉगिंग.गेटलॉगर("बंदर")
लॉग.सेटलेव्हल(लॉगिंग.डीबग)

आता "बंदर" नावाच्या लॉगरचे डीबग मेसेज दिसतील, बाकी सगळे वॉर्निंगपासून वर. लेव्हलचे आकडे माहीत असले तर बरं, डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०, आणि लेव्हल म्हणजे त्या आकड्याखालचं सगळं गाळायचं, इतकं साधं आहे.

एखादीच लायब्ररी जास्त बोलत असेल तर तिला नावाने गप्प करा, उदाहरणार्थ एचटीटीपीएक्स प्रत्येक रिक्वेस्टची एक इन्फो ओळ टाकते, मग लॉगिंग.गेटलॉगर("एचटीटीपीएक्स").सेटलेव्हल(लॉगिंग.वॉर्निंग). नावं टिंबाने जोडलेली असतात आणि वरच्याची लेव्हल खालच्याला लागते, म्हणजे "युआरएललिब३" ला लावलं की "युआरएललिब३.कनेक्शनपूल" पण ऐकतं, त्याने स्वतःची लेव्हल वेगळी लावलेली नसेल तर.

लॉगिंग.डिसेबल(लॉगिंग.क्रिटिकल) असं एक सोपं हत्यार पण आहे, ते सगळंच बंद करतं, तुमच्या लॉगरसकट. ते वापरू नका. तसंच डिक्टकॉन्फिगने सेटिंग करत असाल तर डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स हे न सांगता ट्रू असतं, त्यामुळे आधी तयार झालेले लॉगर गुपचूप मुके होतात आणि लोकांना वाटतं एरर येणं थांबलं. तिथे स्पष्ट फॉल्स लिहा.

"परत ट्राय करतोय" वाली ओळ

पेज आणणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला (तिच्या पोटात युआरएललिब३ असते) तुम्ही रिट्राय लावले असतील, म्हणजे एचटीटीपीअडॅप्टरला मॅक्स_रिट्राइज=रिट्राय(टोटल=३, बॅकऑफ_फॅक्टर=१) असं काही, तर नेट गेल्यावर प्रत्येक प्रयत्नाला युआरएललिब३.कनेक्शनपूलकडून वॉर्निंग लेव्हलची एक लांबलचक ओळ येते. चार पेजेस, प्रत्येकी तीन रिट्राय, दर अर्ध्या तासाने, रात्रभर नेट नाही. हिशोब करा. आणि या ओळींचा उपयोग शून्य, कारण तिन्ही प्रयत्न फसले तर शेवटी एक्सेप्शन येणारच आहे आणि ते तुम्ही पकडणार आहात, आणि चौथ्या वेळी पेज मिळालं तर तक्रार कसली?

इथे युआरएललिब३ ला एरर लेव्हल लावली की काम होतं. पण कोणाला वाटलं की युआरएललिब३ च्या बाकीच्या वॉर्निंग हव्यात, फक्त ही ओळ नको, तर फिल्टर लागतो. एक साधं फंक्शन लिहायचं जे रेकॉर्ड घेतं आणि रेकॉर्ड.गेटमेसेज() ची सुरुवात "रिट्रायिंग" ने होत असेल तर फॉल्स परत करतं. पायथन ३.२ पासून फिल्टर म्हणून नुसतं फंक्शन चालतं, क्लास लागत नाही.

आता नीट वाचा, इथे खूप जण तासन्‌तास घालवतात. फिल्टर जर तुम्ही वरच्या "युआरएललिब३" लॉगरवर लावला तर "युआरएललिब३.कनेक्शनपूल" मधून आलेल्या मेसेजला तो लागतच नाही. लेव्हल खाली झिरपते, फिल्टर झिरपत नाही. लॉगरवरचा फिल्टर फक्त त्याच लॉगरवर थेट टाकलेल्या मेसेजला लागतो. म्हणून एकतर बरोबर "युआरएललिब३.कनेक्शनपूल" वर लावा किंवा हँडलरवर लावा, हँडलरवरून जाणाऱ्या प्रत्येक मेसेजला तो लागतो.

जाता जाता, रिक्वेस्ट्सला टाइमआउट न सांगितल्यास तो नसतोच, स्क्रिप्ट अडकून पडते आणि लॉगमध्ये एक अक्षरही येत नाही. टाइमआउट=(५, २०) असं द्या, पहिला आकडा कनेक्ट व्हायचा, दुसरा वाचायचा. पावसाळ्यातल्या नेटला वाचायचा वेळ थोडा सढळ ठेवा.

सर्टिफिकेटची वॉर्निंग, आणि पायचं घड्याळ

काही साइट्सचं सर्टिफिकेट अर्धवट लावलेलं असतं, मधलं सर्टिफिकेट सर्व्हर पाठवतच नाही, ब्राउझर कसंबसं सांभाळून घेतो पण पायथन अडतो. मग कोणीतरी सांगतं व्हेरिफाय=फॉल्स कर. केलं की प्रत्येक रिक्वेस्टला इनसिक्युअररिक्वेस्टवॉर्निंग. मग दुसरं कोणी सांगतं युआरएललिब३.डिसेबल_वॉर्निंग्ज() टाक. झालं शांत.

पण समुद्राच्या इशाऱ्याचं पेज तुम्ही आता कोणाकडून घेताय याची काहीही खात्री उरलेली नाही. ही एकच वॉर्निंग अशी आहे जी मी कधीच दाबू नका म्हणेन. त्यापेक्षा ते मधलं सर्टिफिकेट ब्राउझरमधून उतरवून घ्या, सर्टिफाय लायब्ररीत विश्वासातल्या सर्टिफिकेटांची जी फाइल असते तिची कॉपी करून तिच्या शेवटी चिकटवा, आणि व्हेरिफाय= मध्ये त्या फाइलचा पाथ द्या. वॉर्निंग पण जाते, तपासणी पण राहते.

आणि सर्टिफिकेटवर अडायचं दुसरं कारण खास आपल्याकडचं. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, पाय ५ मध्ये सोय आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट गेली, चार तासांनी आली, पाय चालू झाला, की घड्याळ मागेच असतं जोपर्यंत नेटवरून वेळ मिळत नाही. तेवढ्यात स्क्रिप्ट पळाली आणि मधल्या काळात साइटने सर्टिफिकेट बदललं असेल तर "सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही" असा एरर येतो, आणि लॉगमधल्या वेळाही चुकीच्या पडतात. हा एरर दाबायचा नाही, स्क्रिप्टला थांबवायचं. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्रॅम) सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस चालू करा आणि आपल्या सर्व्हिसला आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट लावा. टाइमडेटसीटीएल टाइप केलं की घड्याळ सिंक झालंय का ते दिसतं.

बाकी निरुपद्रवी वॉर्निंग्जसाठी वॉर्निंग्ज.फिल्टरवॉर्निंग्ज("इग्नोर", कॅटेगरी=...) आहे, कॅटेगरी दिल्याशिवाय वापरू नका. लॉगिंग.कॅप्चरवॉर्निंग्ज(ट्रू) केलं की या सगळ्या "पाय.वॉर्निंग्ज" (हा पाय म्हणजे पायथनचा पी-वाय) नावाच्या लॉगरमध्ये येतात, मग त्याही त्याच फाइलमध्ये, त्याच फॉरमॅटमध्ये, हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं.

तीन पानी ट्रेसबॅकची एक ओळ

नेट नसताना रिक्वेस्ट्सने पेज मागितलं तर आधी सॉकेटचा एरर, त्याच्यावर न्यूकनेक्शनएरर, त्याच्यावर मॅक्सरिट्रायएरर, त्याच्यावर रिक्वेस्ट्सचा कनेक्शनएरर, अशी चळत येते, आणि लॉग.एक्सेप्शन वापरलं असेल तर सगळी छापली जाते. एका साध्या "नाव सापडलं नाही" साठी.

उपाय असा की ज्या गोष्टी होणारच आहेत त्या नावाने पकडा आणि एका ओळीत लिहा, आणि ज्या व्हायला नकोत त्यांना पूर्ण ट्रेसबॅक द्या. क्रम महत्त्वाचा. एसएसएलएरर हा कनेक्शनएररचाच पोटप्रकार आहे, म्हणून एक्सेप्ट एसएसएलएरर वर लिहा, मग टाइमआउट, मग कनेक्शनएरर, मग एचटीटीपीएरर. तो शेवटचा रेझ_फॉर_स्टेटस() बोलावल्याशिवाय येत नाही हे विसरू नका, नाहीतर ५०३ चं (सर्व्हर सध्या बंद) पेज तुम्ही हवामान समजून वाचत बसाल. आणि या सगळ्यांच्या खाली उघडं एक्सेप्ट टाकून पास लिहायचं नाही. तिथे लॉग.एक्सेप्शन हवं, कारण पेजची रचना बदलली, कोडमध्ये चूक निघाली, हे सगळं तिथेच कळतं.

एकदा सांग, सारखं सांगू नको

आता मुख्य गोष्ट. लेव्हल, फिल्टर, सगळं लावलं तरी तुमची स्वतःची ओळ, "इन्कॉईसचं पेज आलं नाही", ती दर अर्ध्या तासाने येणारच. जुलैत दोन दिवस फायबर तुटला तर शंभर वेळा तीच ओळ. आणि तिच्यात हरवलेली, पेजची रचना बदलल्याची, एकुलती ओळ.

बोट चालवणारा तांडेल इंजिनाचा आवाज दिवसभर ऐकत नसतो, आवाज बदलला की मात्र झोपेतून उठतो. लॉग तसा हवा. स्थिती बदलली की बोलायचं.

करायचं असं. प्रत्येक पेजसाठी एका छोट्या जेसन फाइलमध्ये तीन गोष्टी ठेवा: शेवटचं यश कधी, अपयश कधीपासून चालू, आणि किती वेळा फसलं. फाइल डिस्कवर ठेवा, मेमरीत नको, कारण लाइट जाते. पेज फसलं आणि आधी चालू होतं, तर वॉर्निंगची एक ओळ, कारणासकट. पुन्हा फसलं, आधीपासून फसतच होतं, तर फक्त आकडा वाढवा आणि मेसेज डीबगला टाका (रोजच्या वापरात "बंदर" लॉगरची लेव्हल इन्फो ठेवा, म्हणजे तो छापला जाणार नाही). पण कारण बदललं, म्हणजे आधी नाव सापडत नव्हतं आणि आता ४०४ (पेजच नाही) येतोय, तर ती नवी बातमी, परत वॉर्निंग. मिळालं आणि आधी फसत होतं, तर इन्फोची एक ओळ: "लाटांचं पेज परत मिळायला लागलं, रात्री २:१० पासून बंद होतं, मध्ये ११ प्रयत्न फसले." एवढ्या एका ओळीत रात्रभराची गोष्ट येते, आणि ती सकाळी ऑफिस उघडणाऱ्या माणसाला पण कळते.

मग एक मर्यादा ठेवा. किती वेळ पेज मिळालं नाही तर ते गंभीर? हे पेजवर अवलंबून आहे आणि ते तुम्हालाच ठरवावं लागेल. हापूसचा दर एक दिवस शिळा चालेल. वाऱ्याचा इशारा सहा तास शिळा झाला तर मी एरर लेव्हल लावेन आणि तो फोनवर पाठवेन. किनाऱ्यावर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूला आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत कितीतरी गावांत लाइट आणि नेटवर्क दोन्ही गेलं होतं, अशा वेळी स्क्रीनवर कालची शांत समुद्राची माहिती ताजी असल्यासारखी दिसत राहिली तर ती नसलेली बरी. म्हणून लॉगच्या बरोबरीने टीव्हीवरच शेवटच्या यशाची वेळ दाखवा, आणि मर्यादा ओलांडली की आकडे काढून "माहिती जुनी आहे, बंदर कार्यालयात विचारा" एवढंच दाखवा. लॉग कोणी उघडत नाही, स्क्रीन सगळे बघतात.

काही अपयशं खरं तर अपयशंच नसतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते आणि त्या काळात इन्कॉईस मासळी कुठे मिळेल याची सूचना देत नाही. त्या तक्त्यात काही नाही म्हणून दोन महिने रोज वॉर्निंग पडायचं कारण नाही. स्क्रिप्टला कॅलेंडर सांगा, बंदीच्या तारखांत रिकामा तक्ता म्हणजे इन्फो. तारखा कोडमध्ये न लिहिता सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवा.

याच्या उलटही होतं. सर्व्हर २०० म्हणतो, सगळं ठीक, आणि पेजवर लिहिलेलं असतं की साइटची देखभाल चालू आहे. एरर नाही, लॉग स्वच्छ, डेटा शून्य. म्हणून पेज मिळाल्यावर त्यात अपेक्षित शब्द किंवा तक्ता आहे का ते तपासा, नसेल तर ते अपयशच धरा. आवाज कमी करायच्या नादात हा आवाज नव्याने तयार करावा लागतो, कारण तो दुसरं कोणी करणार नाही.

पार्सरची कुरकुर

पेजमधून माहिती वेगळी काढणाऱ्या ब्यूटिफुलसूप लायब्ररीला आरएसएस फीड एचटीएमएल म्हणून दिली की एक्सएमएलपार्स्डअॅझएचटीएमएलवॉर्निंग येते. दाबू नका, दुसरा पॅरामीटर "एक्सएमएल" द्या, एलएक्सएमएल इन्स्टॉल असलं की झालं. "काही अक्षरं वाचता आली नाहीत" असा मेसेज आला तर एन्कोडिंग चुकलंय. सर्व्हरने हेडरमध्ये चारसेट सांगितला नसेल तर रिक्वेस्ट्स टेक्स्ट पेजला आयएसओ-८८५९-१ धरते आणि मराठी पेजचा पार चुराडा होतो, म्हणून रिस्पॉन्स.टेक्स्ट ऐवजी रिस्पॉन्स.कंटेंट सूपला द्या किंवा आधी रिस्पॉन्स.एन्कोडिंग = "युटीएफ-८" करा. काही जुन्या सरकारी पेजेसवर मात्र युनिकोड नाहीच, जुना फॉन्ट आहे, तिथे एन्कोडिंग बदलून काही होत नाही, अक्षरांचा तक्ता करून रूपांतरच करावं लागतं.

पीएचपी, जावा आणि क्रोमवाल्यांसाठी

पीएचपीत डीओएमडॉक्युमेंटचं लोडएचटीएमएल हे नॅव्ह, सेक्शन अशा नव्या टॅगवर वॉर्निंगचा पाऊस पाडतं, कारण त्यामागचा लिबएक्सएमएलचा पार्सर एचटीएमएल ५ च्या आधीचा आहे. लोक ते दाबायला पुढे @ लावतात. त्याऐवजी लोड करायच्या आधी लिबएक्सएमएल_यूज_इंटर्नल_एरर्स(ट्रू), नंतर हवं तर लिबएक्सएमएल_गेट_एरर्स() ने वाचा, आणि मग लिबएक्सएमएल_क्लिअर_एरर्स() नक्की करा, नाहीतर लूपमध्ये शेकडो पेजेस घेताना ते एरर मेमरीत साठत जातात. फाइल_गेट_कंटेंट्सला @ लावायचाच असेल तर उत्तर फॉल्स आहे का ते === ने तपासा आणि एरर_गेट_लास्ट() मधून कारण आपल्या लॉगमध्ये लिहा. आणि ४०४ चं पेज सुद्धा वाचायचं असेल तर स्ट्रीम कॉन्टेक्स्टमध्ये इग्नोर_एरर्स ट्रू करा, मग वॉर्निंगही येत नाही.

जावात एचटीएमएलयुनिट (खिडकी न उघडता चालणारा ब्राउझर) वापरणाऱ्यांना सीएसएस आणि जावास्क्रिप्टच्या वॉर्निंगने जीव नकोसा होतो. आधी विचारा, सीएसएस हवंय का? नको असेल तर सेटसीएसएसएनेबल्ड(फॉल्स), ती बडबड मुळातच थांबते. हवं असेल तर सायलेंटसीएसएसएररहँडलर आहे, स्क्रिप्टसाठी सेटथ्रोएक्सेप्शनऑनस्क्रिप्टएरर(फॉल्स) आणि सायलेंटजावास्क्रिप्टएररलिसनर. लॉगरला लेव्हल लावताना दोन गोष्टी सांभाळा. व्हर्जन ३ पासून पॅकेजचं नाव कॉम.गार्गॉइलसॉफ्टवेअर वरून ओआरजी.एचटीएमएलयुनिट झालंय, जुन्या उत्तरातली ओळ कॉपी केली तर काहीच होत नाही. आणि जावा.युटिल.लॉगिंग लॉगरला घट्ट धरून ठेवत नाही, गेटलॉगर(...).सेटलेव्हल(...) एका ओळीत करून सोडून दिलं तर गार्बेज कलेक्टर तो लॉगर उचलतो आणि बडबड काही वेळाने परत सुरू. लॉगर एका स्टॅटिक फायनल व्हेरिएबलमध्ये ठेवा. प्रोजेक्टमध्ये लॉगबॅक किंवा लॉग४जे असेल तर मात्र लेव्हल त्यांच्या सेटिंगमध्ये लावायची.

प्रोग्रॅममधून ब्राउझर चालवणाऱ्या सेलेनियममध्ये विंडोजवर क्रोम युएसबी आणि डेव्हटूल्सच्या ओळी टाकतो. त्यासाठी एक्सक्लूडस्विचेस मध्ये एनेबल-लॉगिंग, आणि क्रोमला लॉग-लेव्हल=३.

कर्ल आणि क्रॉन

कर्ल म्हणजे कमांडने पेज आणणारा प्रोग्रॅम. त्याचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं की तो प्रगतीचा तक्ता एसटीडीएररवर छापतो, आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तोच सगळा कचरा. छोटा एस लावला की तक्ता जातो, पण एररही जातो! म्हणून छोटा एस, मोठा एस आणि छोटा एफ हे तिन्ही एकत्र लावा, शांतपणे काम, फसलं तर एक ओळ, आणि ४०४-५०० ला पण अपयश. वर मॅक्स-टाइम ३० द्या. बाहेर पडतानाचा कोड सगळं सांगतो: ६ म्हणजे नाव सापडलं नाही, ७ कनेक्ट झालं नाही, २२ सर्व्हरने एरर दिला, २८ वेळ संपली, ६० सर्टिफिकेट. ६, ७ आणि २८ आपल्याकडे पावसाळ्यात रोजचे, २२ आणि ६० आले की बघायला हवं, शेल स्क्रिप्टमध्ये असाच फरक करा.

क्रॉनच्या ओळीला ">/डेव्ह/नल २>&१" चिकटवायची सवय सोडा. मोअरयुटिल्स पॅकेजमध्ये क्रॉनिक नावाची कमांड आहे, ती तुमच्या कमांडच्या आधी लिहायची, काम नीट झालं तर ती सगळं आउटपुट गिळते आणि फसलं तरच दाखवते. त्यासाठी तुमच्या स्क्रिप्टने खऱ्या अपयशात सिस.एक्झिट(१) करायला हवं. दुसरं, पायवर बहुतेक वेळा मेल पाठवणारा प्रोग्रॅमच नसतो, मग क्रॉन ते आउटपुट फेकून देतो, म्हणून क्रॉनिकच्याही आधी सिस्टमडी-कॅट लिहून ते जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, पाठवा.

लॉग फाइलला रोटेटिंगफाइलहँडलर लावा, मॅक्सबाइट्स एक एमबी, बॅकअपकाउंट ५, आणि जर्नलडीच्या सेटिंगमध्ये सिस्टममॅक्सयूज. एसडी कार्ड भरलं की स्क्रिप्ट जेसन पण लिहू शकत नाही आणि वरची सगळी योजना कोसळते.

तपासून बघा

हे सगळं लावल्यावर मे महिन्यातच, पाऊस लागायच्या आधी, मुद्दाम मोडून बघा. नेटची केबल काढा, दोन-तीन फेऱ्या जाऊ द्या, परत लावा: प्रत्येक पेजमागे लॉगमध्ये दोनच ओळी हव्यात, गेलं आणि आलं. मग ईटीसी-होस्ट्स फाइलमध्ये एका साइटचं नाव १२७.०.०.१ ला वळवा, फक्त त्याच पेजची ओळ यायला हवी, बाकीची गप्प. सर्टिफिकेटसाठी एक्सपायर्ड.बॅडएसएसएल.कॉम ही साइट मुद्दाम मुदत संपलेलं सर्टिफिकेट देते, तिचा पत्ता घालून बघा. मग आपल्याच मशीनवर पायथनचा एचटीटीपी.सर्व्हर चालवून "देखभाल चालू आहे" एवढंच लिहिलेलं पेज द्या, २०० येईल, आणि तरी स्क्रिप्टने ते अपयश धरलं पाहिजे. शेवटी जेसनमधली वाऱ्याच्या इशाऱ्याच्या पेजची शेवटच्या यशाची वेळ हाताने एक दिवस मागे करा आणि त्या पेजचं नेट बंद ठेवा. लॉगमध्ये एरर लेव्हलची ओळ आणि टीव्हीवर "माहिती जुनी आहे", दोन्ही यायला हवं. यातलं एखादं आलं नाही तर कुठलातरी फिल्टर जास्त गिळतोय, मग फिल्टर एकेक करून काढत जा आणि कोणता काढल्यावर ओळ परत दिसते ते बघा.